स्विंडनचा पगार मोठा की डिचोलीतलं घर? हिशोब नक्की कसा लावायचा

डिचोलीकर:
चतुर्थीला इथे गोव्यात चुलतभाऊ आलेला, इंग्लंडात स्विंडनला वेअरहाऊसमध्ये कामाला असतो, आजोबांच्या पोर्तुगीज काळातल्या जन्मनोंदीवर पोर्तुगीज पासपोर्ट काढला आणि ब्रेक्झिटच्या, म्हणजे ब्रिटन युरोपियन युनियनमधून बाहेर पडायच्या, आधीच पोचला. गणपतीवरची फळापानांची माटोळी बांधता बांधता सुरू झाला, तिकडे महाग आहे पण सरकार काम करतं. मला पटलं नाही. २०२५ च्या एप्रिलमध्ये तिकडे किमान वेतन तासाला १२ पाउंड २१ पेन्स झालं होतं, ऐकायला भारीच, पण भाडं, कौन्सिल टॅक्स म्हणजे तिकडची घरपट्टी, हीटिंग सगळं त्याच पाउंडातून जातं. इथे घर आपलं, विहिरीला पाणी, दोन माड आहेत, आजारी पडलो तर बांबोळीचं सरकारी हॉस्पिटल आहे. मग स्वस्त कुठे, सांगा.

सत्तरीची लेक:
दादा, घर तुमचं आहे म्हणून हे बोलता. मी नोकरीसाठी पर्वरीला भाड्याने राहते, सीझन आला की मालकाला टुरिस्ट हवा असतो, दोन वर्षांत तीनदा सामान हलवलंय. आणि बाबा गेले तेव्हा एका कचेरीत एका दाखल्यासाठी पाच फेऱ्या, दर फेरीला नवा कागद नाहीतर "सायब साइटवर गेलाय", आणि प्रत्येक वेळी अर्ध्या दिवसाचा पगार कापला. हा खर्च कुठे धरलात?

लिस्बनवासी फोंडेकर:
युरोप म्हणजे सगळं एकच असं धरू नका हां. पोर्तुगालात २०२५ ला किमान वेतन महिना ८७० युरो होतं, वर्षाला १४ पगार मिळतात हे खरं, पण लिस्बनमध्ये एका बेडरूमचा फ्लॅट त्यात बसत नाही. टुरिस्टना दिवसावर दिलेली घरं, बाहेरच्यांचा पैसा, २०१२ पासूनचा गोल्डन व्हिसा, म्हणजे पैसे गुंतवणाऱ्या परदेशी लोकांना राहायचा परवाना; घरात पैसे गुंतवून मिळायचा तो २०२३ ला बंद केला पण भाडी काही उतरली नाहीत. अगदी पर्वरीसारखंच. ट्रान्स्परन्सी इंटरनॅशनलच्या २०२४ च्या भ्रष्टाचार निर्देशांकात शंभरपैकी ब्रिटन ७१, पोर्तुगाल ५७, भारत ३८, जास्त गुण म्हणजे भ्रष्टाचार कमी. लाच कुणी मागितली नाही मला इथे, पण परदेशी लोकांचे रेसिडेन्सीचे लाखो अर्ज तुंबले होते, दहा लाखांवर लोकांना फॅमिली डॉक्टर नाही.

डिचोलीकर:
मग तेच म्हणतोय ना मी! तिकडेही रांगाच.

सत्तरीची लेक:
रांग चालेल हो, रांगेत आपला नंबर येतो तरी. तुमच्या भावाला कौन्सिल टॅक्सचं बिल दाखवायला सांगा, त्यात कौन्सिलला किती, पोलिसांना किती, फायर ब्रिगेडला किती हे वेगवेगळं छापलेलं असतं. आमच्या घरपट्टीच्या पावतीवर नुसता आकडा. गावात कचऱ्याची गाडी कधी येते कधी नाही, पण पैसे कुठे गेले ते कळत नाही. रविवारी ग्रामसभा आहे, मी घरी जातेय, पावती घेऊन उभी राहून विचारणार आहे. तुम्ही तुमच्याकडे विचाराल का?

डिचोलीकर:
विचारतो. पण बाय, घर सोडून जाणार नाही मी.