मदत हवी आहे: अपलिंक तुटला तरी ब्लेडला पत्ताच लागत नाही

नमस्कार मंडळी. सांगली जिल्ह्यातल्या एका साखर कारखान्याचे सर्व्हर सांभाळतो. ब्लेड चेसिसमध्ये (ब्लेड म्हणजे पातळ सर्व्हर, ते बसवायची ही पेटी) दोन स्विच मॉड्यूल आहेत, प्रत्येकातून दोन अपलिंक (बाहेर जाणाऱ्या जोडण्या) कोअर स्विचला, म्हणजे नेटवर्कच्या मुख्य स्विचला. ब्लेडचं एक पोर्ट पहिल्या मॉड्यूलला, एक दुसऱ्याला, वर विंडोजचं टीमिंग (एका पोर्टची लिंक पडली की दुसरं वापरणारी सोय).

चाचणीत पहिल्या मॉड्यूलच्या दोन्ही अपलिंक केबल काढल्या. ब्लेड आणि मॉड्यूलमधली आतली लिंक हिरवीच राहिली, म्हणून टीमिंग दुसऱ्या पोर्टवर गेलंच नाही आणि पिंग बंद. मॉड्यूल स्टॅक केलेले नाहीत, त्यामुळे दोघांत मिळून एलएसीपी (अनेक लिंक एकत्र बांधायची पद्धत) करता येत नाही.

उपाय लिंक स्टेट ट्रॅकिंगच दिसतोय: अपलिंक आणि आतले पोर्ट एका ग्रुपमध्ये, सगळे अपलिंक पडले की आतले पोर्टही पाडायचे. पण ग्रुपमध्ये पोर्ट-चॅनल (दोन अपलिंक बांधून केलेली एक लिंक) घालायचा की सुटे पोर्ट? आणि खरी धास्ती परतीची आहे. अपलिंक आला की आतले पोर्ट लगेच उठणार, पण जुन्या स्पॅनिंग ट्रीत (नेटवर्कमधले लूप टाळणारा प्रोटोकॉल) कोअरचं पोर्ट फॉरवर्डिंगला, म्हणजे ट्रॅफिक पुढे पाठवायला, यायला 30 सेकंद लागतात. तेवढ्यात ट्रॅफिक हवेत! कोअरवर पोर्टफास्ट ट्रंक (ही वाट न पाहता पोर्ट लगेच चालू करणारी सेटिंग) लावणं सुरक्षित आहे का, की आतले पोर्ट उशिरा उठवावेत?

गाळप सुरू झालं की वजनकाटा थांबवता येत नाही, बाहेर उसाच्या गाड्यांची रांग लागते. ज्यांनी हे चालवलंय त्यांनी कॉन्फिगरेशनसकट सांगावं, ही विनंती.