थॅलेसेमियासाठी भ्रूणाचं जनुक कापायची गरजच काय?

"आई-बाबा दोघंही थॅलेसेमियाचे वाहक असतील तर भ्रूणातच जनुक दुरुस्त करण्यात गैर काय?" असं काही जण विचारतात. (थॅलेसेमिया हा रक्ताचा आनुवंशिक आजार; वाहक म्हणजे सदोष जनुकाची एकच प्रत असलेला, स्वतः आजारी नसलेला माणूस.) कळकळ पटते, उपाय नाही. अशा जोडप्याच्या दर गर्भधारणेत बाळाला आजार होण्याची शक्यता 25 टक्के असते, म्हणजे आयव्हीएफमध्ये (शरीराबाहेर होणाऱ्या गर्भधारणेत) बनणारे बहुतेक भ्रूण या आजारापासून मुळातच मुक्त. पाचव्या दिवशी भ्रूणाच्या बाहेरच्या थरातल्या मोजक्या पेशी तपासून त्यातला एक निवडता येतो. जनुक कापणारी कात्री लागतच नाही.

कात्री लावल्यावर काय होतं ते 2018 मध्ये चीनमध्ये दिसलं. तिथले एक शास्त्रज्ञ जुळ्या मुलींचं, त्या भ्रूण असतानाच, सीसीआर-5 जनुक (एचआयव्ही ज्याच्या आधारे पेशीत शिरतो ते) बदलायला गेले. एकीच्या दोन्ही प्रती बदलल्या, दुसरीची एकच, आणि काही लोकांत निसर्गतः आढळणारा, एचआयव्हीपासून वाचवणारा या जनुकातल्या 32 अक्षरांचा लोप हुबेहूब कुणातच आला नाही. पेशी दुभागल्यानंतरही कापणं चालू राहिलं तर काही पेशी बदललेल्या, काही जुन्याच राहतात. मग तपासलेल्या पेशी बाकीच्यांची हमी कशी देणार? ही चूक पुढे त्या मुलींच्या लेकरांपर्यंत जाऊ शकते. त्या लेकरांची संमती कोण घेणार? याउलट, 2023 मध्ये मान्यता मिळालेला थॅलेसेमियावरचा जनुकीय उपचार रुग्णाच्या स्वतःच्या रक्त-मूलपेशींवर होतो, तो वारशात उतरत नाही. हा फरक फार मोठा आहे.

म्हापसा असो की मडगाव, लग्न ठरतानाच दोघांची एचपीएलसी (रक्तातल्या हिमोग्लोबिनचे प्रकार मोजणारी तपासणी) करा. एचबीए2 हा हिमोग्लोबिनचा प्रकार साधारण 3.5 टक्क्यांच्या वर गेला तर वाहक असल्याची शंका घ्यावी. मात्र अंगात लोह कमी असेल तर हा आकडा खाली येतो आणि वाहक निसटतो, म्हणून फेरिटिनही (अंगातला लोहसाठा दाखवणारं प्रथिन) तपासाच.