आमवातात मेथोट्रेक्सेट: सुरुवात जतच्या फॅमिली डॉक्टरने करावी की मिरजेच्या तज्ज्ञाने?

जत_जीपी:
जत-आटपाडीकडचा पेशंट मिरजेच्या तज्ज्ञापर्यंत पोचेतो महिने निघून जातात. तोवर वेदनाशामक नि प्रेडनिसोलोन (स्टिरॉइड). दुखणं दबतं, पण सांध्याचं अस्तर सुजलेलंच राहतं आणि हाड कुरतडलं जातं. पहिल्या दोन वर्षांतच ही झीज एक्स-रेत दिसायला लागते. दोन्ही मनगटं आणि बोटांची मुळं सहा आठवडे सुजलेली, सकाळी तासभर मूठ वळत नाही, अँटी-सीसीपी (आमवाताची रक्ततपासणी) ठळक पॉझिटिव्ह, एवढं जुळलं की आपणच मेथोट्रेक्सेट, म्हणजे ही झीज रोखणारी गोळी, सुरू करावं. आधी सीबीसी (रक्तपेशी), एसजीपीटी (यकृत), क्रिएटिनिन (मूत्रपिंड), हिपॅटायटिस बी-सी, छातीचा एक्स-रे. मग आठवड्यातून एकदाच १० मिग्रॅ, दुसऱ्या दिवशी फोलिक अ‍ॅसिड ५ मिग्रॅ.

मिरज_फिजिशियन:
साफ विरोध. चिकनगुनियानंतर हेच सांधे महिनोन्‌महिने सुजतात. आरए फॅक्टर (आमवाताचीच दुसरी रक्ततपासणी) क्षयातही पॉझिटिव्ह येतो, कधीकधी अँटी-सीसीपीसुद्धा. शिवाय साध्या एक्स-रेत फुप्फुसाचा सुरुवातीचा फायब्रोसिस (चट्टे पडणं) निसटतो. कोरडा खोकला असेल, पाठीला स्टेथो लावल्यावर तळाशी करकर ऐकू येत असेल, तर एचआरसीटीशिवाय (फुप्फुसाच्या बारीक सीटी स्कॅनशिवाय) गोळीला हात लावू नये.

तासगाव_फार्मसिस्ट:
डॉक्टर, कुणीही सुरू करा, पण चिठ्ठी नीट लिहा. आठवड्याची गोळी रोज खाल्ली जाते, घात तिथे होतो. आधी तोंड येतं, मग ताप, तोवर पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट घसरलेल्या असतात. 'फक्त बुधवारी' असा वारच लिहा. २.५ आणि १० मिग्रॅच्या गोळ्या एका पेशंटला मिसळून देऊ नका. लघवीच्या इन्फेक्शनला दुसऱ्या कुणी को-ट्रायमोक्साझोल हे अँटिबायोटिक दिलं तर मेथोट्रेक्सेटसारखं तेही फोलेटच (पेशी बनायला लागणारं जीवनसत्त्व) अडवतं, आणि अस्थिमज्जेत रक्तपेशी बनणं बंद पडतं. तेव्हा फोलिक अ‍ॅसिडने भागत नाही, फोलिनिक अ‍ॅसिड (फोलेटचं तयार रूप) लागतं.

जत_जीपी:
खोकला-धापवाला थेट मिरजेला, हे मान्य. मूल हवं असलेल्या बाईलाही ही गोळी नाहीच. पण बाकीच्यांना थांबवायचं म्हणजे स्टिरॉइडच्या हवाली करायचं. साखर वाढते, हाडं ठिसूळ होतात, ते कोण निस्तरणार?

मिरज_फिजिशियन:
स्टिरॉइडबद्दल वाद नाहीच. पण पहिले तीन महिने दर २ ते ४ आठवड्यांनी रक्त बघावं लागतं, आणि तुमच्याकडची माणसं ऊसतोडीला गेली की चार-पाच महिने परतत नाहीत. जुन्या चिठ्ठीवर गोळी मात्र मिळत राहते. रिपोर्ट दाखवल्याशिवाय पुढची चिठ्ठी नाही, हे तुम्ही पाळणार असाल तरच सुरू करा.

तासगाव_फार्मसिस्ट:
आणि चिठ्ठीवर चारच आठवड्यांच्या गोळ्या लिहा. आम्ही त्याहून जास्त देणार नाही.