कोलंबियातला सिउदाद पेर्दिदा ट्रेक, ४ दिवस जंगलात, वय ४३ आणि शाकाहारी, जमेल का?

भटकी_मैना
नमस्कार मंडळी, मी ह्यूस्टनला असते. डिसेंबरात पुण्याला जायच्या आधी आठवडाभर कोलंबियात काढायचं ठरलंय आणि सांता मार्ताहून निघणारा लॉस्ट सिटीचा म्हणजे सिउदाद पेर्दिदा या जंगलातल्या प्राचीन शहराचा ४ दिवसांचा ट्रेक करायचाच आहे. नवऱ्याला सुट्टी नाही, त्यामुळे एजन्सी ज्या ग्रुपमध्ये टाकेल त्यात जायचं, आणि फोटोत बघावं तर सगळे पंचविशीतले बॅकपॅकर! राजगड-तोरणा केलेत मी पण त्याला १५ वर्षं झाली. अंडंसुद्धा खात नाही. माझ्यामुळे १०-१२ जण खोळंबले तर, हीच धाकधूक आहे. कोणी केलाय का?

डोंगरवेडा
ताई बिनधास्त जा. मी केलाय, आमच्या ग्रुपमध्ये जर्मन, डच, एक अर्जेंटिनाचं जोडपं आणि मी एकटा देशी. कोणी कोणासाठी खोळंबत नाही तिथे, पहिल्या तासातच ग्रुप आपोआप फुटतो, पुढचे पुढे जातात आणि वाटेत जिथे कलिंगड-अननसाच्या फोडी मिळतात तिथे सगळे परत भेटतात. गाईडशिवाय जाताच येत नाही, त्यामुळे एकटं पडायचा प्रश्न नाही.

जाऊन-येऊन साधारण ४५ किमी. आपल्या घाटावरच्या माणसाला चढ नवा नाही, दमवतो तो दमटपणा. पहिल्या दिवशी एल मामेहून निघालात की लाल मातीचा उघडा चढ लागतो, डोक्यावर ऊन, तिथेच अर्धे लोक गळतात. तिथे घाई करू नका, एवढंच ऐका माझं. आणि कपडे! घामाने नाहीतर पावसाने, भिजलेला कपडा सकाळपर्यंत वाळतच नाही. मी रात्रीचा एक जोड दोन प्लास्टिक पिशव्यांत गाठ मारून ठेवला होता, काही झालं तरी तो दिवसा घालायचा नाही आणि सकाळी परत ओलाच शर्ट चढवायचा. अंगावर काटा येतो पण पाचच मिनिटं. झोपायला बंक नाहीतर हॅमॉक, मच्छरदाणीसकट.

तिसऱ्या दिवशी पहाटे बुरिताका नदी ओलांडली की १२०० दगडी पायऱ्या. शेवाळलेल्या, आणि इतक्या अरुंद की माझं पाऊल सरळ मावत नव्हतं. उतरताना आडवं पाऊल टाकत या, गुडघे वाचतात. पण वर पोचल्यावर ते गोल दगडी चौथरे, धुकं आणि चहूबाजूंनी नुसतं रान, ताई, मी १० मिनिटं काही बोललोच नाही कोणाशी. साधारण इ.स. ८०० च्या सुमाराचं शहर, आपल्याकडे वेरूळचं कैलास लेणं खोदलं गेलं त्याच्या आसपासचं!

सह्यरान
वरच्यांनी छान लिहिलंय, एक माझ्याकडून. त्याला 'लॉस्ट' सिटी म्हणतात ते बाहेरच्यांसाठी. १९७२ मध्ये खजिना लुटणारे तिथे पोचले, १९७६ मध्ये पुरातत्त्ववाले, पण तिथल्या कोगी आणि विवा आदिवासींना हे शहर, त्यांच्या भाषेत तेयुना, आधीपासून ठाऊक होतं, त्यांच्यासाठी ती पवित्र जागा आहे. सप्टेंबरात ट्रेक बंद असतो तो त्यांच्या विधींसाठी. वाटेत पांढऱ्या कपड्यातली माणसं भेटतील, न विचारता फोटो काढू नका, लहान मुलांचे तर नकोच. आम्हाला एका कोगी काकांनी पोपोरो दाखवला, छोटासा भोपळा, आत शिंपले भाजून केलेला चुना. काडीने तो चुना काढायचा, तोंडातल्या कोकाच्या पानांना लावायचा, मग काडी भोपळ्याच्या तोंडाशी घासत बसायचं. घासून घासून तिथे पिवळसर जाड थर चढला होता. पानाला चुना लावणारे माझे आजोबाच आठवले मला.

जेवणाचं म्हणाल तर भात, राजम्यासारख्या बिया, तळलेली केळी, आरेपा म्हणजे मक्याची जाडसर भाकरी. शाकाहारी असल्याचं बुकिंगलाच सांगा कारण सामान खेचरांवरून वर जातं, आयत्या वेळी काही मिळत नाही. शेंगदाण्याची चटणी न्या, माझी दुसऱ्या दिवशीच संपली, सगळ्या ग्रुपने आरेपाला लावून खाल्ली.

पुणेरी_पाऊल
कोणी लिहिलं नाही म्हणून लिहिते. तुम्ही नंतर पुण्याला येताय ना? मग यलो फिव्हरची लस घ्याच. कोलंबियातून निघाल्यापासून ६ दिवसांच्या आत भारतात उतरलात तर सर्टिफिकेट लागतं, आणि लस घेतल्यावर १० दिवसांनी ते ग्राह्य धरतात, त्याआधी नाही. माझ्या मावसभावाला या कारणाने एअरपोर्टवरून थेट क्वारंटाइनला नेलं होतं, घरचे बाहेर ताटकळत. मधे अमेरिकेत उतरलात तरी दिवस मोजूनच या.

भटकी_मैना
मनापासून आभार सगळ्यांचे! @पुणेरी_पाऊल, लशीचं डोक्यातच नव्हतं हो, आजच अपॉइंटमेंट घेतली. एजन्सीला शाकाहारीचं कळवलंय. @डोंगरवेडा, पायऱ्या उतरताना काठी कामाला आली का तुम्हाला, की हात मोकळे बरे?

डोंगरवेडा
एक काठी पुरे, दुसरा हात दगडाला.