उत्तर लांबलं तर तोच विषय प्रार्थनेत किती दिवस ठेवायचा?

खानापूर_मंडळी:
सर्वांना सलाम. आमच्याकडे बुधवारी घराघरांत प्रार्थनासभा असते. निम्मे मराठीत प्रार्थना करतात, निम्मे कन्नडमध्ये. एका घरचा विषय कोर्टातल्या जमिनीचा, दुसऱ्या घरी मूलबाळ नाही. वर्ष उलटलं. आता काहीजण म्हणतात, तेच तेच मागणं म्हणजे बायबलमधल्या मत्तय ६:७ मध्ये येशूने मना केलेली व्यर्थ बडबड. काहींच्या मते त्या घरांचा विश्वास कमी पडतोय. विषय थांबवावा का?

कॅम्प_बेळगाव:
थांबवू नका. पुन्हा तेच मागणं हीच चूक असती, तर पकडलं जाण्याआधी गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारून प्रार्थना केली नसती (मत्तय २६:४४). ६:७ चा रोख जास्त बोललं की जास्त ऐकलं जातं या समजुतीवर आहे.
लूक १८ च्या दाखल्यात एक विधवा न्यायासाठी न्यायाधीशाकडे सारखी येत राहते. तो न्यायाधीश म्हणजे देव, असंही पुष्कळजण धरून चालतात आणि त्याला कंटाळा येईपर्यंत मागायचं असं शिकवतात. दाखला उलट आहे: असा अन्यायी माणूससुद्धा विधवेचं ऐकतो, मग देव का नाही ऐकणार?
आणि मूल नसलेल्या बाईला भरसभेत ‘विश्वास कमी’ म्हणणं हा अन्याय आहे. बायबलमधली हन्ना, तिलाही मूल नव्हतं, मनातल्या मनात प्रार्थना करत होती, तर एली याजकाला ती दारू प्यालेली वाटली. प्रेषित पौलाने शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारा त्रास, निघावा म्हणून ३ वेळा विनवणी केली तरी तो निघाला नाही, कृपा पुरेशी आहे एवढं उत्तर मिळालं (२ करिंथ १२). त्याचा विश्वास कमी होता असं कोण म्हणेल?

निपाणी_उपासना:
पद्धत बदलून बघा. त्या घरच्याने विषय एका वाक्यात सांगायचा, प्रार्थना एकानेच करायची, २-३ मिनिटं पुरे. लांबलं की प्रार्थनेत घरच्या बातम्या शिरतात आणि बाकीचे थकतात. वचन दोन्ही भाषांत वाचा, प्रार्थना मात्र ज्याच्या त्याच्या भाषेत होऊ द्या. मध्येच भाषांतर केलं की प्रार्थना करणाऱ्याची लय तुटते.
वही ठेवा, ४ रकाने: तारीख, विषय, आपण करायचं काम, काय घडलं. तिसरा रकाना रिकामा राहिला की वाट बघणं जड जातं. जमिनीच्या विषयात तिथे ‘उताऱ्याची नक्कल वकिलाला देणे’ येईल. मग त्या आठवड्यात तेवढ्यासाठीच मागायचं. पारसाच्या राजाच्या चाकरीतल्या नहेम्याने यरुशलेमच्या पडक्या भिंतीसाठी किसलेव या यहुदी महिन्यात प्रार्थना सुरू केली आणि राजापुढे बोलायची संधी नीसान महिन्यात आली, म्हणजे जवळजवळ ४ महिन्यांनी. राजाने विचारलं तेव्हा किती दिवस लागतील, कुणाच्या नावे पत्रं हवीत, लाकूड कशाकशाला लागेल, सगळं त्याच्याकडे तयार होतं.

चिकोडी_वाचक:
शब्दच सुचेनासे झाले तर स्तोत्र १३ घ्या, ६ वचनंच आहेत. पहिल्या २ वचनांत ‘कुठवर?’ हा प्रश्न ४ वेळा येतो, मग मागणं, शेवटी भरवसा. सभेत लोक तक्रारीचा भाग गाळून थेट स्तुतीवर जातात. तसं करू नका. दुखावलेल्या माणसाला तो भाग मोठ्याने म्हणू द्या, त्याशिवाय पुढचा भरवसा त्याच्या तोंडी खरा वाटत नाही.

खानापूर_मंडळी:
मनापासून आभार. बायबलमधल्या दानीएल संदेष्ट्यासारखा २१ दिवसांचा उपास जाहीर करायचा विचार चाललाय. संपताना उत्तर मिळेल असं काहींना वाटतं.

कॅम्प_बेळगाव:
उपास करा, मुदत घालू नका. दानीएल १०:१२ प्रमाणे त्याचे शब्द पहिल्याच दिवशी ऐकले गेले होते, तेव्हा २१ दिवसांचा हिशोब सूत्र म्हणून वापरता येत नाही. शौल राजाने शमुवेल संदेष्ट्याने सांगितलेले ७ दिवस वाट पाहिली, लोक पांगायला लागले तसं स्वतःच होम केला आणि तिथेच बिघडलं. ‘अमुक दिलंस तर तमुक देईन’ असा नवसही त्यात घुसू देऊ नका.
दानीएलाने त्या ३ आठवड्यांत पक्वान्न, मांस, द्राक्षारस सोडला होता, सगळं अन्न नव्हे (१०:३). तेवढंच ठेवा. शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय एक वेळचं जेवणही चुकवू नये. गोळी बंद करणं हा विश्वासाचा पुरावा नाही, हे पाळकांकडूनच सभेत सांगून घ्या.