मदत हवी आहे: १९९६ची झेन गरम झाली की आयडलला बंद पडते, ब्रेक पेडल दगडासारखं होतं

नमस्कार मंडळी,

बाबांची १९९६ची मारुती झेन आहे, ९९३ सीसी, कार्ब्युरेटरवाली. पहिल्या दिवसापासून आमच्याकडेच, कोथरूडला. मी गाडी शिकले ती हिच्यावरच. यंदा पुन्हा आरटीओ पासिंग आहे आणि घरात "आता भंगारात देऊन टाका" सुरू झालंय. मला ती द्यायची नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

सकाळी थंड असताना, चोक लागलेला असेपर्यंत काही तक्रार नाही. गरम झाली की आयडल (रेस न देता इंजिनचं नुसतं चालू राहणं) वर-खाली व्हायला लागतं. नळ स्टॉपच्या सिग्नलला रेसवरून पाय काढला की थरथरते, आणि त्याच वेळी ब्रेक दाबलेला असेल तर बंद पडते. एसी लावला तर हमखास. हायवेला साठ-सत्तरच्या वेगात मात्र एकदम गुळगुळीत चालते.

आमच्या गॅरेजवाल्यांनी दोनदा कार्ब्युरेटर उघडला, प्लग नवे टाकले आणि शेवटी पेट्रोल-हवेच्या मिक्श्चरचा स्क्रू फिरवून पेट्रोल वाढवून दिलं. चार दिवस बरी चालली. आता गाडीतून उतरलं की कपड्यांना पेट्रोलचा वास येतो, आणि पीयूसीला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) ३ टक्क्यांच्या वर गेल्यामुळे सर्टिफिकेट मिळालं नाही.

पण खरी भीती वेगळीच आहे. परवा कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे उतरत होतो. पुढे गर्दी, क्लच दाबून रांगत होते. इंजिन बंद पडलं आणि दुसऱ्यांदा ब्रेक दाबला तर पेडल हलेचना. दोन्ही पायांनी दाबून, हँडब्रेक ओढून थांबवली. शेजारी बाबा होते. त्या उताराबद्दल पुणेकरांना वेगळं सांगायला नको. तेव्हापासून गाडी पार्किंगमध्येच आहे.

काल बॉनेट उघडून ऐकलं. डॅशबोर्डच्या बाजूला, ब्रेक बूस्टरच्या (इंजिनच्या ओढीवर पेडल हलकं करणाऱ्या डब्याच्या) आसपास बारीक "सूंऽऽ" असा आवाज येतो. नेमका कुठून ते कळत नाही. एका मित्राकडून व्हॅक्यूम गेज (ही ओढ मोजणारा काटा) आणून मॅनिफोल्डला (कार्ब्युरेटरमधून इंजिनात मिश्रण नेणाऱ्या नळीला) लावला, आयडलला काटा १३ इंचांवर (पाऱ्याचे इंच). पुस्तकात १७ ते २१ लिहिलंय. म्हणजे कुठेतरी भोकातून बाहेरची हवा खातेय, बरोबर ना? पण शोधायचं कसं? स्मोक टेस्ट (धूर सोडून गळती शोधणं) करून घेऊ का? आणि बूस्टरच गेला असेल तर जुन्या झेनचा मिळेल का?

प्रतिसाद

ताई, गाडी उभी ठेवलीत ते उत्तम केलंत. हवा खात असताना मिक्श्चर वाढवणं म्हणजे तापावर गोळी देऊन कामावर पाठवणं. आधी भोक शोधा, कार्ब्युरेटरला तोवर हात लावू देऊ नका.

गेजबद्दल एक गोष्ट. पुस्तकातला आकडा समुद्रसपाटीचा असतो. पुणे साधारण ५६० मीटरवर आहे, म्हणजे दीड-दोन इंच इथे कमीच दिसणार. १९ दिसत नाही म्हणून घाबरू नका, १६-१७ला काटा स्थिर राहिला तर इंजिन ठणठणीत समजा. १३ मात्र कमीच. इग्निशन टायमिंग (ठिणगी पडण्याची वेळ) मागे गेलं असेल तरी काटा असाच खाली स्थिर राहतो, पण तुमचा आवाज आणि पेडल बूस्टरकडेच बोट दाखवतायत.

स्मोक टेस्टची गरज नाही. मॅनिफोल्डकडून बूस्टरकडे जाणारा जाड पाइप बघा, त्यात बाण असलेला प्लास्टिकचा वन-वे व्हॉल्व्ह असतो. इंजिन आयडलला ठेवून तो पाइप फडक्यात गुंडाळून पकडीने चिमटा, आधी मॅनिफोल्डजवळ, मग बूस्टरच्या अगदी तोंडाशी. मॅनिफोल्डजवळ चिमटल्यावर आयडल सुधारलं, पण बूस्टरजवळ चिमटल्यावर काहीच फरक नाही, तर भोक या दोन जागांच्या मध्ये. दोन्हीकडे सुधारलं तर बूस्टरचा पडदा. कुठेच फरक नाही तर इतर बारीक पाइप आणि मॅनिफोल्डचं गॅस्केट बघावं लागेल. जोर बेताचा लावा, कडक झालेलं रबर चिमट्यानेच फुटतं.

आवाजाची जागा शोधायला हातभर रबरी नळी घ्या, एक टोक कानाशी धरा, दुसरं पाइपवरून फिरवा. फिरत्या पंख्यापासून आणि बेल्टपासून लांब. कार्ब क्लीनर फवारून शोधायचा सल्ला कोणी देईल, गरम इंजिनवर ते करू नका, पेट घेतं. पाण्याचा स्प्रे वापरा.

आणि एक सांगा: इंजिन बंद करून पाच मिनिटांनी ब्रेक दाबला तर पहिलं पेडल मऊ लागतं का कडक?

प्रतिसाद

पाइप नाना पेठेत मिळेल. व्हॅक्यूमचाच मागा, आत धाग्याची जाळी असलेला. साधा पाण्याचा किंवा फिश टँकचा पाइप गरम झाला की आतल्या ओढीने चपटा होतो. जुना तुकडा सोबत न्या, आतला व्यास नजरेने सांगता येत नाही.

धागाकर्ती

दादा, मनापासून आभार. पाच मिनिटांनी पहिलंच पेडल कडक लागलं, म्हणजे बूस्टरमध्ये ओढ टिकत नाही. मग चिमटा लावला. मॅनिफोल्डजवळ दाबल्याबरोबर आयडल शांत, काटा १६च्या पुढे. बूस्टरच्या तोंडाशी दाबलं तर तीच थरथर.

पाइप काढून हातात घेतला तर वरून अगदी चांगला दिसत होता. बूस्टरच्या बाजूच्या वळणाला, क्लिपच्या बरोबर खाली, बोटाने वाकवला तेव्हा तोंड उघडल्यासारखी चीर दिसली, नखाएवढी. सरळ ठेवला की मिटते. म्हणून इतके दिवस कोणाला सापडली नाही. व्हॉल्व्ह तोंडाने फुंकून पाहिला, एकाच बाजूने हवा जाते, तो ठीक आहे.

नाना पेठेतून पाइप आणि दोन क्लिपा आणल्या, शनिवारी बाबांसोबत बसवला. इंजिन बंद ठेवून पेडल कडक होईपर्यंत दाबलं, दाबून धरूनच स्टार्टर मारला, आणि पेडल पायाखाली हळूच आत गेलं. बाबांनी दोनदा करून पाहिलं. काटा आता १७ला स्थिर आहे. सोमवारी मिक्श्चर परत जागेवर आणून घेणार, टायमिंगही तपासायला सांगणार, मग पीयूसी.

एक अडलंय. एसी लावला की आयडल अजून पडतंच. एसी चालू झाल्यावर आयडल उचलणाऱ्या व्हॉल्व्हकडे जाणारा बारीक पाइप कोणीतरी आधीच बदललेला आहे, पारदर्शक फिश टँकचा, पिवळा पडून काचेसारखा कडक झालाय आणि नळीच्या टोकावर नुसता अडकवलेला आहे. तो बदलतेच. पण पाइप बदलून भागलं नाही, तर तो व्हॉल्व्ह घरच्या घरी तपासता येतो का? आणि टायमिंग लावताना डिस्ट्रिब्युटरचा (प्लगना ठिणगी वाटणाऱ्या भागाचा) व्हॅक्यूम पाइप काढून तोंड बंद करायचं असतं असं बाबा म्हणतात. गॅरेजवाल्यांना तसं सांगू ना?

प्रतिसाद

बाबा बरोबर सांगतायत, नक्की सांगा. व्हॉल्व्हला प्लगमधून एसी चालू असताना १२ व्होल्ट येतात का ते टेस्ट लॅम्पने बघा. लॅम्प लागतोय पण "टक्" आवाज येत नाही, तर व्हॉल्व्ह अडकलाय. टक् येतंय आणि आयडल उचलत नाही, तर व्हॉल्व्हच्या पुढे ओढीने आयडल उचलणारी डबी असते, तिला तोंडाने ओढून बघा, जिभेला चिकटून राहिली पाहिजे. सुटली तर तिचा पडदा गेलाय.