पायथन प्रोग्रॅमची ईएक्सई: बिल्ड होते, पण दुसऱ्या मशीनवर चालत नाही

प्रश्न (टर्मिनलवेडा)

टकिंटरचा (पायथनची खिडक्या-बटणांची लायब्ररी) इंटरफेस, आत पांडास (तक्त्यातल्या डेटाची लायब्ररी), असा रिपोर्ट काढणारा छोटा प्रोग्रॅम आहे. ज्यांच्याकडे पायथन नाही त्यांना द्यायचाय. पायथन ३.१२, पायइन्स्टॉलर ६ (पायथन प्रोग्रॅमची ईएक्सई बांधणारं टूल), विंडोज ११, अॅनाकोंडाचं बेस एन्व्हायर्नमेंट (पुष्कळ लायब्ऱ्या आधीच भरलेलं पायथन). 'वनफाइल' (सगळं एकाच फाइलमध्ये) आणि 'नोकन्सोल' (काळी कन्सोल खिडकी नको) असे दोन्ही पर्याय लावलेत. बिल्ड विनातक्रार होतं. पण फाइल ४०० एमबीच्या वर जाते आणि डबल क्लिकनंतर खिडकी उघडायला १५-२० सेकंद लागतात. दुसऱ्या मशीनवर अँटीव्हायरस ती उडवतो. तिथे परवानगी देऊन चालवली, तर कुठलाही रिपोर्ट निवडला की काहीच होत नाही, एररही नाही. (प्रत्येक रिपोर्टचं मॉड्यूल वेगळं आहे, प्रोग्रॅम चालू असताना यादीतल्या नावावरून पायथनच्या इम्पोर्टलिबने लोड होतं.) एका विंडोज ७ मशीनवर तर 'एपीआय-एमएस-विन-कोअर-पाथ' नावाची डीएलएल (विंडोजची लायब्ररी फाइल) नाही म्हणून सुरूच होत नाही. ती डीएलएल सोबत दिली तर चालेल का?

उत्तर १ (बाइटकोड)

आधी नोकन्सोल काढा. त्या मोडमध्ये स्टँडर्ड आउटपुट आणि स्टँडर्ड एरर दोन्हींची किंमत 'नन' असते. प्रिंट गुपचूप गिळलं जातं आणि टकिंटरच्या कॉलबॅकमधला (बटण दाबल्यावर चालणाऱ्या फंक्शनमधला) ट्रेसबॅकही, म्हणजे एररचा तपशीलही, कुठे दिसत नाही. कन्सोलसकट बिल्ड करा, कमांड प्रॉम्प्टमधून चालवा. 'मॉड्यूलनॉटफाउंडएरर' (मॉड्यूल सापडलं नाही) दिसेल, जवळजवळ पैजेवर सांगतो.

कारण असं की पायइन्स्टॉलर प्रोग्रॅम चालवून बघत नाही. तो बाइटकोडमधली (पायथनने कंपाइल केलेल्या कोडमधली) इम्पोर्टची वाक्यं वाचतो आणि त्यांच्या मागे जातो. फंक्शनच्या आतलं इम्पोर्टही त्याला सापडतं, पण नाव स्ट्रिंगमधून तयार होत असेल तर ते त्याला कळायचा मार्गच नाही. म्हणूनच बिल्ड फोल्डरमधल्या 'वॉर्न' फाइलमध्येही ही मॉड्यूल्स दिसणार नाहीत. तिथे इम्पोर्ट दिसलं पण मॉड्यूल मिळालं नाही, अशांचीच यादी असते, आणि त्यातली बरीचशी निरुपद्रवी असते. रिपोर्टची मॉड्यूल्स एका पॅकेजमध्ये असतील तर 'कलेक्ट-सबमॉड्यूल्स' पर्यायाला त्या पॅकेजचं नाव द्या. सुटी असतील तर प्रत्येकासाठी 'हिडन-इम्पोर्ट'.

टेम्प्लेट, आयकॉन अशा फाइल्स 'अॅड-डेटा'ने घाला आणि कोडमध्ये पाथ चालू फोल्डरवरून काढू नका. मॉड्यूलच्या 'फाइल' व्हेरिएबलच्या (दोन्हीकडे दोन-दोन अंडरस्कोर असलेल्या) पॅरेंटवरून काढा, तो साध्या स्क्रिप्टमध्येही चालतो आणि बंडलमध्येही. मात्र तिथे लिहू नका. वनफाइलमध्ये ती जागा टेम्पमधलं फोल्डर असते, प्रोग्रॅम बंद होताच पुसली जाते. सेटिंग्ज आणि लॉग युजरच्या अॅपडेटामध्ये ठेवा.

हे पर्याय स्पेक फाइलमध्ये (पायइन्स्टॉलरची बिल्डच्या सूचनांची फाइल) लिहा आणि पुढचं प्रत्येक बिल्ड स्पेकवरूनच करा. पुन्हा पीवाय फाइलवरून चालवलंत तर हाताने सुधारलेली स्पेक ओव्हरराइट होते.

उत्तर २ (डीएलएलदास)

आकाराचं मूळ अॅनाकोंडा बेस. कोंडाच्या नमपायसोबत (पांडासला लागणारी आकडेमोडीची लायब्ररी) सहसा एमकेएल (इंटेलची गणिताची लायब्ररी) येतं, त्याच्या डीएलएल प्रचंड मोठ्या. शिवाय पांडास 'असेल तर वापरीन' म्हणून मॅटप्लॉटलिबपर्यंत (आलेखांची लायब्ररी) हात पोचवतं, मॅटप्लॉटलिब क्यूटीपर्यंत (खिडक्यांची मोठी लायब्ररी), आणि बेसमध्ये हे सगळं हजर असतं. साध्या पायथनवर नवीन वेन्व्ह (वेगळं, रिकामं पायथन एन्व्हायर्नमेंट) करा, लागतील तेवढीच पॅकेजेस पिपने घाला. एकेक मॉड्यूल 'एक्सक्लूड' करत बसण्यापेक्षा हे सोपं.

वेळेचं मूळ वनफाइल. दर वेळी सगळ्या फाइल्स टेम्पमध्ये सुटतात, अँटीव्हायरस त्या एकेक तपासतो, मग तुमचा कोड सुरू होतो. 'वनडिर' (एका फाइलऐवजी फोल्डर) घ्या आणि ते फोल्डर इनो सेटअपने इन्स्टॉलरमध्ये बांधा. लोकांच्या हातात तरीही एकच फाइल जाते.

अँटीव्हायरसचं दुखणं पूर्ण जात नाही. सगळ्या पायइन्स्टॉलर प्रोग्रॅममध्ये बूटलोडर (तुमचा कोड सुरू करून देणारा छोटा प्रोग्रॅम) एकच, आणि व्हायरस लिहिणारेही तोच वापरतात. यूपीएक्स (फाइल दाबून लहान करणारं टूल) बंद ठेवा ('नोयूपीएक्स'). पाथवर सापडलं तर ते न सांगता लागतं, संशयही वाढवतं आणि काही डीएलएल बिघडवतं. एवढ्याने भागलं नाही तर पायइन्स्टॉलरचा सोर्स घेऊन बूटलोडर फोल्डरमध्ये वॅफ या बिल्ड टूलने स्वतः बिल्ड करा, व्हिज्युअल स्टुडिओची सी++ बिल्ड टूल्स लागतील. खरा उपाय कोड सायनिंगचा, म्हणजे प्रोग्रॅमवर डिजिटल सही करण्याचा. सही आधी आतल्या ईएक्सईवर, मग इन्स्टॉलरवर.

विंडोज ७ वर डीएलएल चिकटवू नका. पायथन ३.९ पासून विंडोज ७ चा आधारच काढला आहे, शेवटची चालणारी मालिका ३.८. तिच्यासाठी पांडासही २.०.३ च्या पुढे जात नाही. वेगळं बिल्ड ठेवावं लागेल, आणि ३.८ ला २०२४ नंतर सुरक्षा अपडेट्स नाहीत हे वापरणाऱ्याला सांगा.

उत्तर ३ (सीमित)

पायइन्स्टॉलरऐवजी नुइट्का (पायथनचा कंपायलर) वापरून बघा. कोड सी मध्ये जातो, त्यामुळे आत ठेवलेला डेटाबेसचा पासवर्डही सुरक्षित राहतो.

उत्तर ४ (बाइटकोड)

पहिलं बरोबर, दुसरं नाही. स्ट्रिंग्ज कंपाइल झाल्या तरी बायनरीत शोधता येतात, आणि कनेक्शन जोडताना पासवर्ड मेमरीत असतोच. पायइन्स्टॉलरची एन्क्रिप्शनची 'की' ६.० मध्ये काढून टाकली, कारण किल्ली त्याच फाइलमध्ये असायची. पासवर्ड सर्व्हरवर ठेवा. नुइट्काला सी कंपायलर लागतो, बिल्ड बराच वेळ खातं, आणि नावावरून लोड होणाऱ्या मॉड्यूल्सची अडचण तिथेही आहे, 'इन्क्लूड-पॅकेज' द्यावं लागतं.

टर्मिनलवेडा

कन्सोलमध्ये मॉड्यूलनॉटफाउंडएररच निघाला. कलेक्ट-सबमॉड्यूल्सने रिपोर्ट चालू झाले. नवीन वेन्व्ह आणि वनडिरने खिडकीही लगेच उघडते. आता एक मोठा रिपोर्ट मल्टिप्रोसेसिंगने (काम अनेक प्रोसेसमध्ये वाटून) चालतो, तो निवडला की खिडक्यांवर खिडक्या उघडत जातात. आणि याच विंडोज मशीनवर लिनक्सचं बिल्ड होईल का?

उत्तर ५ (डीएलएलदास)

मुख्य फाइलच्या 'मेन' ब्लॉकमध्ये पहिल्याच ओळीला 'फ्रीझ-सपोर्ट' फंक्शन बोलवा. बंडलमध्ये चाइल्ड प्रोसेस म्हणजे तुमचीच ईएक्सई पुन्हा सुरू होते, ती अडवणारी ही ओळ.

लिनक्सचं बिल्ड लिनक्सवरच, पायइन्स्टॉलर क्रॉस-कंपाइल करत नाही. जीलिबसी (लिनक्सची मूळ सी लायब्ररी) तो सोबत बांधत नाही, म्हणून जिथे चालवायचंय त्यातल्या सर्वांत जुन्या डिस्ट्रोच्या कंटेनरमध्ये बिल्ड करा. नव्यावर केलेलं जुन्यावर 'जीलिबसी २.३४ सापडत नाही' अशा तक्रारीने थांबतं. मॅनीलिनक्सच्या इमेजेस (जुन्या लिनक्सवर चालणारी पायथन पॅकेजेस बांधायचे तयार कंटेनर) मोहात पाडतात, पण त्यांतलं पायथन शेअर्ड लायब्ररीशिवाय बांधलेलं असतं आणि पायइन्स्टॉलरला ती हवीच.